स्थानिक जाळे

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. पुढेमागे माझ्यावर कोणी लिहायला बसलं तर त्याची पंचाईत नको.

परिस्थिती अशी. आमची कंपनी दुकानांची मोटरवर चालणारी शटर्स बनवते. मालकांच्या डोक्यात आलं की शटर मोबाईलवरून उघडावं, म्हणून ॲप विभाग निघाला. विभागप्रमुख मी. विभागात दुसरं कोणी नाही, त्यामुळे मतभेद होत नाहीत. अजून टेम्पररी आहे. २८ तारखेला डेमो आहे. कापडाची बरीच दुकानं असलेल्या एक मालकीणबाई येणार आहेत. त्यांनी मान डोलावली की मी कायम.

कायम झालो की घर. बायकोने तिच्या लॅबजवळ दोन खोल्या बघून ठेवल्यात. घरमालकीण महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. सध्या आम्ही सासरेबुवांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागे राहतो. लग्नानंतर 'चार दिवस' म्हणून आलो, ते चार दिवस अजून चालूच आहेत. खोलीच्या तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, चौथीला दुकान, दुकानाला शटर. जायचं-यायचं ते त्यातूनच. सासू-सासरे पोटमाळ्यावर. दुरुस्तीला आलेली घड्याळं रात्रभर ठोके देतात, प्रत्येक आपापल्या वेळेप्रमाणे.

बायको म्हणाली, या महिन्यात तरी नक्की ना? मी म्हटलं, लिहून ठेव. ती म्हणाली, तूच ठेव. म्हणून ही वही. तरी मूळ कल्पना माझीच.

४ मार्च, मंगळवार

ट्रायलसाठी सासरेबुवांच्या दुकानाला आमचं शटर बसवलं. ते कुरकुरले. म्हणाले, इतकी वर्षं हाताने ढकलतोय, खांदा शाबूत आहे. मी म्हटलं, आता खांद्याला आराम.

फिटरने आत भिंतीवर बटण लावलं आणि वीज गेली तर ओढायला साखळी सोडली. मी दोन्ही काढायला लावलं. हाताशी बटण असलं की माणूस ॲपकडे बघतसुद्धा नाही. परतीचे दोर कापल्याशिवाय लढाई जिंकता येत नाही. फिटर म्हणाला, साहेब, साखळी तरी राहू द्या. मी म्हटलं, तू फिटिंग बघ, धोरण मी बघतो. साखळी गोणीत घालून घेऊन गेला बिचारा. त्याच्याकडे कंपनीचा एक रिमोट आहे, त्याने बाहेरून शटर खाली केल्यावर तोही त्याला घेऊन जायला सांगितला.

निश्चय: उद्या साडेपाचला उठणे, व्यायाम, मग ट्रायल.

५ मार्च, बुधवार. स. ६.१०

व्यायाम उद्यापासून.

बायकोची सकाळची शिफ्ट. रक्ताचे नमुने घ्यायला लोक उपाशीपोटी रांगेत असतात म्हणे. पर्स खांद्याला लावून शटरसमोर उभी. मी ॲप उघडलं. फोनने मध्येच काहीतरी विचारलं. मी सवयीने 'नको' दाबलं. माझा नियमच आहे. फोनने तोंड उघडलं की नको. ठिकाण? नको. फोटो? नको. या शिस्तीमुळे आजवर माझं काही चोरीला गेलेलं नाही. (चोरण्यासारखं आहे काय, असं बायको म्हणते. तो मुद्दा वेगळा.)

शटर हललं नाही.

स. ७.३०

फिटर रिमोट घेऊन आला, बाहेरून उघडलं. बायको माझ्याकडे न बघता गेली. घाईत असेल.

६ मार्च, गुरुवार

ॲप म्हणतं, शटर सापडत नाही. अरे, तुझ्या नाकासमोर आहे! दोष वाय-फायच्या डब्याचा. कपाटावरून उचलून सासरेबुवांच्या कामाच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, मी आता घड्याळं कुठे उघडू, डोक्यावर? विज्ञानाला घरातूनच पाठिंबा नसतो.

७ मार्च, शुक्रवार

डबा दोषी नाही. घड्याळांमुळे लहरी बिघडतात असा माझा कयास. सासरेबुवांना सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठल्या घड्याळामुळे? मी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बोट दाखवलं. म्हणाले, ते बंद आहे. मी म्हटलं, तेच तर.

सकाळी फिटर. संध्याकाळी फिटर. बायको दुसऱ्यांदा उशिरा.

१० मार्च, सोमवार

शोध लागला! आणि मीच लावला.

ॲपला घरातल्या वाय-फायवरची यंत्रं शोधायची असतील तर फोन मालकाची परवानगी घेतो. एकदाच विचारतो. 'नको' म्हटलं की विषय संपला, जन्मात परत विचारत नाही. वर ॲपला कळवतही नाही की बाबा, तुला मनाई झालीये. ते बिचारं आंधळ्यासारखं शोधत बसतं आणि आपण डबे हलवत बसतो. उपाय एकच. मालकाने स्वतः सेटिंगमध्ये जाऊन ती कळ चालू करायची.

केली. शटर वर! सासूबाई पोटमाळ्यावरून ओरडल्या, भूकंप!

मालकांना रिपोर्ट पाठवला: गंभीर तांत्रिक अडथळा दूर केला. 'नको' कोणी दाबलं होतं हा तपशील वगळला. व्यक्तिगत आरोप कशाला?

११ मार्च, मंगळवार

मूळ प्रश्न आता भाषेचा. फोन परवानगी मागतो तेव्हा खाली कारणाची एक ओळ दिसते. ती आपण लिहायची. वाचून कोणाची 'नको' म्हणायची छातीच होऊ नये अशी पाहिजे. मालक म्हणाले, दुकानदार मंडळी आहेत, मराठीत लिहा. योग्य माणसाला सांगितलं. शाळेत निबंधाला माझा दुसरा नंबर होता, आणि पहिला आलेला मुलगा मास्तरांचा भाचा होता.

लोकल म्हणजे स्थानिक. नेटवर्क म्हणजे जाळे. दिवसभर घासून ओळ तयार केली:

'आपणांस आमच्या स्थानिक जाळ्यात सामावून घेण्यास कृपया परवानगी द्यावी.'

'कृपया' घातलंय. नम्रता पाहिजे. शटर नाही सापडलं तर दुसरी ओळ: 'घरात जाळे आढळले नाही.'

बायकोला वाचून दाखवली. ती हसत सुटली. म्हणाली, अरे, 'शटर शोधायला तुमचं वाय-फाय वापरू का?' असं सरळ का नाही विचारत? मी म्हटलं, तू रक्त काढ, भाषा माझ्यावर सोड. हसायची थांबली. तिचा फोन जुना आहे, ॲप त्यावर चालत नाही. नाहीतर तिलाच पहिला अनुभव देणार होतो.

१३ मार्च, गुरुवार

सासरेबुवांच्या फोनवर ॲप टाकलं. चष्मा लावून त्यांनी ओळ मोठ्याने वाचली आणि 'नको' दाबलं. म्हणाले, जाळ्यात घ्यायला मी काय मासा आहे?

मी समजावलं की आता सेटिंगमध्ये जाऊन कळ चालू करावी लागेल. म्हणाले, जावईबापू, नाही म्हणजे नाही. गिऱ्हाइकाला एकदा सांगितलेला भाव मी बदलत नाही, मग फोनला सांगितलेलं का बदलू? फोन शर्टाच्या खिशात टाकला आणि वर हात ठेवला. झोपतानाही तो शर्ट काढत नाहीत.

सासूबाईंनी मागून स्क्रीनवरचं 'घरात जाळे आढळले नाही' वाचलं आणि खूश झाल्या. म्हणाल्या, आढळेल कसं? दर शनिवारी छत झाडते मी. तरीही शंका नको म्हणून लांब दांड्याचा झाडू घेऊन कोपरे झाडले. माझ्या लॅपटॉपवर धूळ पडली.

१७ मार्च, सोमवार

ऑफिसात ट्रायल. मालक: नको. हिशेबनीसबाई: नको, वर मालकांकडे तक्रार की हा माणूस मला जाळ्यात घेतो म्हणतोय. फिटर: नको. त्याने तर वाचलंही नाही.

निष्कर्ष: समाज अजून तयार नाही.

मालक म्हणाले, डेमोआधी ती ओळ बदला. मी लगेच बदलली. 'जाळ्यात'च्या जागी 'जाळ्यामध्ये' केलं. आता कानाला जास्त बरं लागतं.

२० मार्च, गुरुवार. स. ६.२०

फोन चार्जिंगला लावायचा राहिला. बंद पडला. वायर शोधली, ती ऑफिसात. बायको शटरसमोर, मी शटरसमोर, मधे बोलायला काही नाही. घरातली सगळी घड्याळं मात्र बोलत होती. शेवटी फिटर. तिला ताकीद मिळाली. संध्याकाळी म्हणाली, पुढच्या वेळी लेखी देणार आहेत. मी म्हटलं, लेखी चांगलं, पुरावा राहतो.

हे विनोदाने म्हटलं होतं.

म्हणाली, रविवारी जागा बघायला येतोस का? एकदा नजरेखालून घाल. मी म्हटलं, आत्ता नको, डेमो होऊ दे.

२३ मार्च, रविवार

सकाळी तिने परत विचारलं, येतोस का? म्हटलं, नको गं, डोक्यात डेमो आहे. एकटी गेली. येऊन आईला सांगत होती, स्वयंपाकघराला खिडकी आहे, रस्ता दिसतो. मी हेडफोन लावले होते, पण गाणं चालू नव्हतं.

मी कोणासाठी एवढा राबतोय? त्या खिडकीसाठीच ना? पण बोलून दाखवायचा माझा स्वभाव नाही.

२६ मार्च, बुधवार

बायको आता घराचा विषय काढत नाही. नक्की ना, झालं का, कधी, काही नाही. समजूतदार झाली. संसारात अशी शांतता यायला काळ जावा लागतो.

निश्चय: कायम झाल्याचं पत्र तिच्या हातात ठेवायचं आणि काही बोलायचं नाही. फक्त बघत राहायचं.

२८ मार्च, शुक्रवार

डेमो.

ऑफिसच्या हॉलमध्ये नमुन्याचं शटर. मालकीणबाई, मालक, फिटर, मी. शटर खाली केलेलं, म्हणजे उघडल्यावर परिणाम साधावा. बाईंनी ॲप उघडलं. प्रश्न आला. त्यांनी ओळ आधी मनात वाचली, मग मोठ्याने, मग माझ्याकडे बघत. म्हणाल्या, हे कोणी लिहिलं? मी अर्धवट उठून नमस्कार केला. त्यांनी 'नको' दाबून फोन पर्समध्ये टाकला. शटर जागच्या जागी.

मालक दबक्या आवाजात म्हणाले, परत विचारायला लावा. मी सांगितलं, फोन एकदाच विचारतो. ते म्हणाले, एकदाच विचारतो हे माहीत होतं? मी म्हटलं, हो, रिपोर्टमध्ये आहे. म्हणाले, आणि एकदाच विचारायचंय तर असं विचारलंत?

फिटरने रिमोटने शटर उघडलं. बाई बाहेर पडल्या त्या थेट गाडीत.

एकंदरीत डेमो संमिश्र.

२९ मार्च, शनिवार

मालकांनी बोलावलं. ॲप विभाग बंद. मला मुदतवाढ नाही. त्यांनी वाक्य पूर्ण करायच्या आत मीच राजीनामा दिला. माणसाने वेळेवर उठावं. खरमरीत लिहिला. शेवटचा मुद्दा: आपल्या कंपनीचा कोणीही माणूस यापुढे माझ्या दारात उभा राहता कामा नये.

मालकांनी सगळे मुद्दे मान्य केले.

घरी सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगणार.

३१ मार्च, सोमवार

योग्य वेळ आली नाही. बायकोला आधीच माहीत होतं. हिशेबनीसबाई तिच्या लॅबमध्ये रक्त तपासायला गेल्या होत्या. जगात दुसरी लॅब नाही!

रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. म्हणाली, मी जागा घेतली. त्या रविवारीच हो म्हणून आले. मला वेळेवर कामाला जायचंय, आणि सकाळी उठून दार उघडेल की नाही याची भीती वाटून घ्यायची नाहीये. मी विचारलं, आणि मी? म्हणाली, तू काय? ये ना. मी कधी नको म्हटलं?

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. त्याऐवजी म्हटलं, निर्णय घाईचा आहे, पण माझा पाठिंबा आहे.

१ एप्रिल, मंगळवार. स. ६.००

पहिल्या झटक्यात शटर उघडलं. आजच उघडायचं होतं. दोन बॅगा घेऊन ती गेली. माझी बॅग भरलेली होती, पाय उचलणार, तोच सासरेबुवा माळ्यावरून उतरले. म्हणाले, जाताय ते ठीक, पण संध्याकाळी बंद कोण करणार? आणि उद्या उघडणार कोण?

म्हटलं, आजचा दिवस थांबतो, सोय लावून येतो. ती म्हणाली, लाव आणि ये.

४ एप्रिल, शुक्रवार

सोयीचा आढावा.

बटण, साखळी, रिमोट: कंपनीकडे. फिटरला फोन केला. म्हणाला, साहेब, माझी यायची इच्छा आहे, पण तुम्हीच लिहून दिलंय ना, दारात उभं राहायचं नाही. मालकांनी भिंतीवर चिकटवलंय.

सासरेबुवांच्या फोनमधली कळ (सासूबाईंकडे फोनच नाही): चालू करू देत नाहीत. नाही म्हणजे नाही.

माझा फोन त्यांच्याकडे ठेवून जाणे: सासरेबुवा म्हणाले, दुसऱ्याच्या फोनला मी हात लावत नाही. सासूबाईंनी लावला. त्यांच्या बोटाने शटर नाही उघडलं, जुन्या मालकांना व्हिडिओ कॉल लागला. मी बनियनवर होतो.

तिथून, म्हणजे नव्या घरातून उघडणे: शक्य नाही. ॲप चालतं ते याच वाय-फायवर. त्याची हद्द फुटपाथवरच्या दिव्याच्या खांबापर्यंत. खांब ओलांडला की मी कोणी नाही.

दुसरा शटरवाला: आला, बघितलं, म्हणाला, अख्खं काढावं लागेल. सासरेबुवा म्हणाले, चालतंय ते काढायचं कशाला?

कारण आता त्यांना शटर आवडायला लागलंय. सकाळी गिऱ्हाइकांना उभं करून दाखवतात. म्हणतात, बघा, हात लावायचा नाही, आपोआप वर जातं. आपोआप म्हणजे मी. आत अंधारात फोन धरून उभा असतो.

८ एप्रिल, मंगळवार

बायकोचा फोन. आवाज हलका वाटला. म्हणाली, आता लॅबमध्ये मीच सगळ्यांच्या आधी पोचते. कधी येतोस? म्हटलं, या आठवड्यात. ती म्हणाली, बरं.

नुसतं बरं. मागचं-पुढचं काही नाही. खूप वेळ फोन कानाला धरून बसलो. मला तिची फार आठवण येते. इथे तरी खरं लिहायला हरकत नसावी.

निश्चय: उद्या निघायचंच, काय व्हायचं ते होऊ दे.

९ एप्रिल, बुधवार

दुपारी निघालो. शटर उघडं ठेवलं, रात्रीचं रात्री बघू म्हटलं. खांब ओलांडला, बसस्टॉपपर्यंत गेलो. सासूबाई मागून धापा टाकत आल्या. म्हणाल्या, अहो, रात्री सताड उघड्या दुकानात लोकांची घड्याळं टाकून आम्ही झोपायचं का? मी म्हटलं, मग बंद करून जातो. म्हणाल्या, आणि आम्ही आत कोंडून राहायचं?

दोन्ही मुद्दे बरोबर होते. परत आलो. येताना त्यांची पिशवी मीच धरली. सासरेबुवांनी काउंटरमागे माझ्यासाठी स्टूल ठेवलंय. म्हणाले, रिकामे बसण्यापेक्षा पट्टे बदलायला शिका. तात्पुरतं म्हणून हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत सात पट्टे बदलले. एक उलटा बसला.

१३ एप्रिल, रविवार

दुकानाला सुट्टी. सगळ्यांनी मिळूनच तिच्याकडे जायचं ठरलं. तिघेही बाहेर म्हणजे आत कोणी कोंडायला नको. एवढे दिवस हे सुचलं कसं नाही? नवा शर्ट घातला. पिशवीत दाढीचं सामान आणि एक जोड कपडे टाकले, सासरेबुवांना दिसणार नाही असे तळाशी.

तिने दार उघडलं. साधं दार, साधी कडी. आम्हा तिघांना मिळून म्हणाली, या, बसा. मला 'आलास?' म्हणते नेहमी. आज 'या'त धरला गेलो.

खुर्च्या दोनच. सासू-सासरे बसले, मी खिडकीपाशी उभा राहिलो. खिडकीतून खरंच रस्ता दिसतो. सासूबाईंनी कपाट उघडून बघितलं. अर्ध्या भागात तिचे कपडे, अर्धा भाग रिकामा, तिथे कागद अंथरून ठेवलेला.  मी पाणी मागितलं.

निघताना सासू-सासरे जिना उतरायला लागले. मी मुद्दाम मागे राहिलो. विचारायची वाक्यं मनात बरीच रचली होती, ऐन वेळी एकही आठवलं नाही. नुसतं विचारलं, मी आज इथेच राहू का?

तिने खाली बघितलं. सासरेबुवा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. म्हणाली, राहा की. पण मग बाबांना आत कोण घेणार?

खालून त्यांची हाक आली, जावईबापू, बस आली!

रा. ८.४०

शटर पहिल्या झटक्यात वर. सासरेबुवा म्हणाले, वा! तिघे आत आलो. बंद केलं.